खिशात मावणारं पिस्तूल

ज्या माणसाच्या घरात मी दीड वर्ष भाड्याने राहिले, त्याचा मला आजही राग येतो. उगाच गोड बोलून सुरुवात करण्यात अर्थ नाही. मी नगरची, युनीत अकाउंटिंग शिकायला मेलबर्नला आलेली, आणि त्याचं घर ग्लेन वेव्हर्लीत. नवरा-बायको दोघंच, मूलबाळ नाही, तरी आपलं घर चांगल्या शाळेच्या झोनमध्ये आहे हे त्याने दुधवाल्यालासुद्धा सांगितलं असतं, पण तिथे दुधवाला येत नव्हता. पहिल्या दिवशी मी त्याला काका म्हटलं तर तोंड असं केलं की जणू मी त्याची पेन्शन काढली. "दादा म्हण," म्हणाला. चाळिशी उलटलेली, केस काळे कुळकुळीत रंगवलेले. म्हणून मग तो दादा आणि त्याची बायको वहिनी.

दादाला बंदुकांचा शौक होता. दोन गाड्यांचं गराज, पण गाड्या बाहेर उन्हात आणि आत पोलादी तिजोरी, फरशीला बोल्ट मारून घट्ट बसवलेली. तिच्यात तीन रायफली, एक दुनळी, एक लाकडी दस्त्याची जुनी लष्करी बंदूक आणि दोन पिस्तुलं. पिस्तुलाच्या क्लबचा तो मेंबर होता, दर दुसऱ्या रविवारी कागदावर नेम धरायला जायचा. लायसन्स वगैरे सगळं चोख. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर म्हणाल बाई आकसाने लिहितेय. आकस आहेच, पण खोटं नाही.

त्या वर्षी शहरात शिकणाऱ्या आपल्या पोरांना मारहाण होत होती. ट्रेनमध्ये, स्टेशनच्या बाहेर, शिफ्टवरून परतताना. फोन काढून घ्यायचे, वर लाथा. आम्ही सगळे घाबरलेलो होतो आणि दादाला मात्र सुगी आली. शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, डँडेनॉन्गच्या एका भाड्याच्या घरातली चार-पाच पोरं त्याच्याकडे जमायची. गराजमध्ये घडीच्या खुर्च्या, वहिनीचे पोहे आणि विषय एकच, जवळ बाळगायला कुठलं पिस्तूल चांगलं.

"पहिली गोष्ट, भरवसा," दादा बोट वर करून सांगायचा. "घोडा दाबला की उडालंच पाहिजे. अडकलं की तू मेलास." मग वजन. मग मूठ हातात कशी बसते. मग चपटं असावं, शर्टाखाली फुगवटा दिसता कामा नये. रिव्हॉल्व्हर अडकत नाही पण गोळ्या कमी, पिस्तुलात गोळ्या जास्त पण साफसफाई मागतं. अमेरिकेतले व्हिडिओ बघून बघून त्याची सगळी पोपटपंची पाठ होती. पोरं आ वासून ऐकायची. त्यांचं एक सोडा, विशीतली होती, घाबरलेली होती.

गंमत पुढेच आहे. या देशात पिस्तूल खिशात घालून फिरताच येत नाही. स्वतःच्या रक्षणासाठी म्हणून मागितलं तर लायसन्सच मिळत नाही. खिशात मावेल इतक्या आखूड नळीचं पिस्तूल तर क्लबवाल्यालाही घेऊ देत नाहीत. म्हणजे ज्याच्यावर हा माणूस दोन-दोन तास प्रवचन द्यायचा, ते त्याने आयुष्यात खिशात घातलेलं नव्हतं आणि घालणारही नव्हता. उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या!

एकदा एका पोराने विचारलं, "पण दादा, हे घरात ठेवायची भीती नाही वाटत?"

"कसली भीती? नियम कडक आहेत रे. किल्ली फक्त माझ्याकडे. बायकोचा हात जरी तिच्यापर्यंत पोचला ना, तरी गेलं लायसन्स, नेल्या बंदुका!" आणि तेव्हाच वहिनी चहाचा ट्रे घेऊन आत आली, तर तिच्याकडे बघून म्हणाला, "बघा, हिला हातही लावता येत नाही." सगळे हसले. वहिनीने कप वाटले आणि गेली.

आणि स्वतः काय करायचा? मी डँडेनॉन्गला एका पॅकिंगच्या कारखान्यात काम करायचे. हिवाळ्यात सुटेपर्यंत अंधार पडलेला, नंतर बस, मग स्टेशनपासून घरापर्यंत चालत. त्याच्याकडे दोन पिस्तुलं होती आणि दोन गाड्या होत्या, पण मला घ्यायला तो एकदाही आला नाही. वहिनी यायची. एका केअर होममध्ये दिवसभर म्हाताऱ्यांची उठबस करून दमलेली असायची, तरी स्टेशनवर गाडी लावून उभी. मी म्हणायचे, कशाला येतेस गं, तर म्हणायची, "नो वरीज. मलाही जरा घराबाहेर बरं वाटतं."

का बरं वाटतं ते मला एका रविवारी कळलं. तिची आई एकटी होती, तिला सहा महिने इकडे आणावं असं वहिनीचं म्हणणं. दादाला नको होतं. जेवताना दोघांची बाचाबाची झाली, आणि वहिनी काही ऐकेना. मी मान खाली घालून भात कालवत होते. दादा उठला, गराजमध्ये गेला, पिस्तूल घेऊन आला, आपल्या ताटाशेजारी ठेवलं आणि पुन्हा जेवायला बसला. "नंतर साफ करायचंय," म्हणाला. बस्स. आवाज चढवला नाही, शिवी नाही, बोट उगारलं नाही. वरणभात जेवला, वर ताकही मागितलं. वहिनीने ताक वाढलं. त्या दिवसापासून आईचा विषय त्या घरात निघाला नाही. आईचाच कशाला, कुठलाच नाही. भांडण म्हणून ते बंदच झालं.

मी तिला म्हटलं, पोलिसांना फोन कर. ती भांडी घासत होती.

"काय सांगू? गोळी नव्हती आत. मारलं नाही, धमकावलं नाही. ताटाशेजारी ठेवलं, एवढंच सांगू?"

"हो, एवढंच सांग."

"मला संसार मोडायचा नाहीये," ती म्हणाली. "ते सगळं या घरातून बाहेर गेलं पाहिजे. मला एवढंच हवंय."

एवढंच! आणि त्यासाठी तिने काय काय नाही केलं. नवऱ्याला विनवलं, क्लबच्या लॉकरमध्ये ठेवा म्हणाली. तो हसला. सासूला पुण्याला फोन केला. सासू म्हणाली, "अगं, पुरुषाचा शौक आहे तो. दारू तर पीत नाही ना?" मंडळाच्या गणपतीत एका जुन्या ओळखीच्या बाईंपाशी मन मोकळं केलं, तर त्या म्हणाल्या, दिवस असे आहेत, उलट तुला आधारच की गं. आधार म्हणे, जळ्ळा मेला तो आधार! त्या बाईंच्या ताटाशेजारी ठेवायला हवं होतं एकदा, मग विचारलं असतं.

मग आला दसरा. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, दादाने गराजमध्ये सतरंजी अंथरून सगळ्या बंदुका मांडल्या. झेंडू कुठला मिळतोय, सुपरमार्केटातून पिवळी शेवंती आणली. पोरांना बोलावलं, सोवळं नेसला, पूजा झाली, फोटो झाले. तिजोरीची एक किल्ली त्याच्या जुडग्यात असायची. दुसरी, जादाची, तीही त्या दिवशी पूजेत ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, आणि पूजा झाल्यावर ती घेऊन थेट स्वयंपाकघरात आला. देव पॅन्ट्रीच्या मधल्या खणात होते. बाळकृष्णाच्या पाटाखाली त्याने किल्ली सरकवली.

मी तिथेच उभी होते. म्हटलं, "दादा, ही इथे चालते?"

"आमच्याकडे तिजोरीची किल्ली देवाकडेच असते. आजोबांपासून."

"पण वहिनी रोज पूजा करते."

"अगं, देवाकडे आहे. हिच्याकडे थोडीच आहे?"

कोडिंग करून पोट भरणारा माणूस, नियमांवर शनिवारी व्याख्यान देणारा, आणि त्याच्या डोक्यात खरोखर असं बसलेलं की देवाखाली ठेवलेल्या वस्तूला बायकोचा हात लागत नाही. देव काय आपले आपण अंघोळ करतात? रोज सकाळी वहिनी पाट उचलायची, किल्ली बाजूला ठेवायची, देव पुसायची, किल्ली परत ठेवायची. तो शेजारी चहा पीत बसलेला असायचा. एकदा मी तिला म्हटलं, अगं, ही घे आणि फेकून दे यारा नदीत. ती म्हणाली, "फेकून काय होणार? त्याच्याकडे एक आहेच." आणि पाट जागेवर ठेवला.

उन्हाळ्यात त्याने तिसरं पिस्तूल घ्यायचं ठरवलं. त्यासाठी पोलीस घरी येऊन तिजोरी तपासणार होते. नुसता अर्ज करून गप्प बसला असता तर कधी आले असते कोण जाणे, पण याला घाई. दोनदा फोन करून याने त्यांना बोलावून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवशी त्याने सुट्टी घेतली, गराज झाडलं, वहिनीला सुट्टी घ्यायला लावली. पाहुण्यांना चहा कोण देणार? माझी युनी बंद होती, मीही घरीच.

आला तो एकच पोलीस, साठीकडे झुकलेला, पायपुसण्यावर बूट नीट पुसून आत आला. दादाची जीभ अशी सुटली की विचारू नका. मेट काय, लेजंड काय, सगळं निघालं. पोलिसाने बोल्ट हलवून पाहिले, बंदुकांचे नंबर जुळवले, गोळ्यांची वेगळी पेटी पाहिली. किल्ल्या कुठे असतात विचारलं. दादाने कमरेचं जुडगं वाजवून दाखवलं. दुसरी? "दुसरी नाही. हरवली," दादा म्हणाला. पोलिसाने काहीतरी लिहून घेतलं आणि दोघं चहाला स्वयंपाकघरात आले.

वहिनी ओट्याशी आलं किसत होती. चहा नको म्हणून पोलिसाने पाणी मागितलं, प्यायला, आणि जाता जाता सहज विचारावं तसं तिला विचारलं, "तुमचा हात तर नाही ना पोचत त्या तिजोरीच्या किल्लीपर्यंत?"

दादा हसत हसत, पोलिसाकडेच बघत, मराठीत म्हणाला, "नाही म्हण."

वहिनीने हात पदराला पुसावेत तसे टी-शर्टला पुसले. मला वाटलं, म्हणेल नाही. इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीला त्याला हवं तेच म्हणत आली होती. मी बोलणार होते, देवाशपथ बोलणार होते, पण तिने हात वर करून मला थांबवलं.

"येस," ती म्हणाली. "एव्हरी मॉर्निंग."

पॅन्ट्रीचं दार उघडलं. बाळकृष्ण उचलून कपाळाला लावला, बाजूला ठेवला, पाट उचलला आणि किल्ली पोलिसाच्या तळहातावर ठेवली. कुंकवाने लाल झालेली. त्याने अंगठ्याने ती पुसली, अंगठ्याकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं. आता दादाच्या तोंडावर हसू नव्हतं. "मला वाटतं आपण पुन्हा गराजमध्ये जाऊ या," पोलीस म्हणाला.

दादा बोलत सुटला. हा आमचा धर्म आहे, ही प्रथा आहे, तुम्हाला कळणार नाही. पोलीस शांतपणे ऐकत होता आणि फोन लावत होता. तासाभरात गाडी आली, आणखी दोघं आले, आणि सगळ्या बंदुका एकेक करून गेल्या. शेवटी दोन पिस्तुलं, डब्यात घालून. चौकशी होईपर्यंत लायसन्स बंद. समोरच्या घरातली ग्रीक म्हातारी झाडांना पाणी घालायचं सोडून बघत उभी राहिली. शनिवारी कोणी येऊ नका असे मेसेज दादाने तिथेच उभं राहून पोरांना केले, म्हणजे अब्रूची काळजी तेवढ्यातही होतीच.

गाडी गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. चेहरा काळा-निळा. मी उठून ओट्यावरची किसणी उचलली आणि ओट्याला पाठ लावून उभी राहिले, म्हटलं, आता हिच्या अंगावर धावला तर किसणी आहे हातात, मारीन. खरंच मारली असती.

"कळत नव्हतं तुला?" तो ओरडला. "काय बोलायचं कळत नव्हतं? साधं नाही म्हणायचं होतं!"

वहिनीने खुर्ची ओढली. हात तिने टेबलावर ठेवले, दोन्ही, उघडे. तिला इतकं निवांत बसलेलं मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

"बस," तिने समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस ना. आता भांड माझ्याशी."

तो उभाच राहिला. एकदा गराजच्या दाराकडे बघितलं. तिथे आता नुसती रिकामी तिजोरी होती.