मधूनच विचारलेला सवाल

माझी शाळा दोन पावसाळ्यांची. गावातल्या पारावर एक म्हातारे पंतोजी बसायचे. त्यांच्याकडं पाढे, पावकी, निमकी आणि बाळबोध अक्षरं शिकलो आणि तिथंच थांबलो. पण जे शिकलो ते आज ऐंशी ओलांडल्यावरही डोळे मिटून म्हणतो. घरी कॉलेज शिकलेली माणसं येतात, त्यांना मी एकोणतिसाचा पाढा विचारतो. अजून एकालाही आलेला नाही. त्यामुळं अभ्यास म्हणजे काय हे मला दुसऱ्या कुणी सांगावं, असं कधी वाटलं नाही. एकदाच घोटाळा झाला, माझ्या धाकट्या भावाच्या कॉलेजच्या पहिल्या साली. तो घोटाळा मला अजून नीट सुटलेला नाही.

निजामाचं राज्य होतं. वरचं सगळं शिक्षण उर्दूत. भाऊ परभणीला मॅट्रिक झाला आणि हैदराबादला कॉलेजात गेला. आमच्या गावातून इतक्या लांब शिकायला जाणारा तो पहिलाच. आमचे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारे आणि मोजकं बोलणारे. निघताना त्यांनी भावाला एवढंच सांगितलं, "एक साल जा. पास झालास तर पुढं शीक. नापास झालास तर परत ये आन् शेतात लाग. मग पुन्ना कॉलेजाचं नाव काढायचं न्हाई."

आप्पा बोलले म्हणजे झालं. त्यात बदल होत नसे.

दिवाळीच्या छुट्टीत भाऊ आला तो पार वाळून. मी पिंगळी टेशनावर बैलगाडी घेऊन गेलो होतो. वाटेत म्हणाला, "अण्णा, मला तिथं काहीच कळंना गेलंय."

"काय कळंना?"

"प्रोफेसर तासभर बोलतेत आन् निघून जातेत. धडा म्हणून घेत न्हाईत. उद्या काय करून आणायचं ते सांगत न्हाईत. बाकीची पोरं भराभरा वहीत लिहितेत. त्यातलं काय लिहावं आन् काय सोडावं, मला उमगतच न्हाई."

"मग छडी कुणाच्या हातात असती?"

"छडी कुठली? तुमी आला काय, न्हाई काय, कुणी विचारत न्हाई."

मला लय राग आला. एवढं मोठं कॉलेज आणि धडा म्हणून घ्यायला माणूस नाही! मी बैलांना हाकारा दिला आणि म्हणालो, "मास्तर म्हणून घेत नसंल तर मी घेतो. सकाळी किताब घेऊन मोटेवर ये."

तेव्हा विहिरीचं पाणी मोटेनं निघायचं. कातड्याची मोठी मोट दोराला बांधलेली. बैल धावेच्या उतारावरून खाली चालले की भरलेली मोट वर येऊन रिती व्हायची, मग बैल मागं सरकत पुन्हा वर यायचे. मी असा हिशेब बसवला की बैल उतरताना भावानं एक परिच्छेद म्हणायचा, बैल मागं येईपर्यंत दम घ्यायचा, आणि पुन्हा उतरताना तोच म्हणायचा. दहा खेपा झाल्या की पुढचा. कॉलेजात त्याला सगळ्यात जड जाणारा विषय होता मआशियात, म्हणजे बाजार कसा चालतो, भाव का चढतात, का उतरतात त्याची किताब. मला बाजारात बोलण्यापुरती उर्दू यायची. किताबीतली उर्दू काही केल्या डोक्यात शिरत नव्हती. पण अडखळलेला माणूस कुठल्याही भाषेत कळतो. तो अडला की मी म्हणायचो, "पुन्ना पैल्यापासून."

शेजारच्या शेतातले एक काका बांधावर येऊन उभे राहायचे. त्यांनी एकदा विचारलं, "काय रं, बैलाला उर्दू शिकवायलास का?"

मी म्हटलं, "बैल पास व्हायलेत काका, तुमचं तुमी बघा."

छुट्टी संपली तेव्हा भावाला पाच धडे पाण्यासारखे पाठ झाले होते. टेशनावर सोडताना मी त्याला म्हणालो, "आता सहामाहीत कुणी काहीबी विचारू दे." गावात मी छाती काढून फिरलो. खोटं कशाला सांगू?

महाशिवरात्रीला भाऊ अभ्यासाच्या छुट्टीत परत आला. सालाची मोठी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. त्यानं पेटीतून सहामाहीचा पेपर काढला. त्या विषयात तो नापास झाला होता. वर लाल शाईत एक ओळ होती. मी म्हणालो, "वाच." त्यानं वाचलं, "पूछा कुछ, लिखा कुछ."

"म्हणजे? धडे विसरलास?"

"एक शब्द विसरलो न्हाई, अण्णा. सवाल तिसऱ्या धड्याच्या मधला होता. मला मधून सुरूच करता येईना. पैल्या ओळीपासून लिहीत गेलो. जे विचारलं होतं तिथं पोचायच्या आत घंटी झाली."

मी म्हणालो, "मग तुझा हात जड हाय. बिगीबिगी लिहावं."

"हाताचं न्हाई हो! तुमीच बघा. तुमाला कुणी सतराचा पाढा मधूनच विचारला, सतरा सक्कं किती—"

"एकशे दोन," मी ताडकन सांगितलं.

त्याला वाटलं होतं मीही पहिल्यापासून सुरू करीन. मलाही जरा मजा वाटली. पण रोटी खाताना माझ्याच डोक्यात भुंगा लागला. पाठ मीही तसंच केलं होतं, पारावर, एका सुरात. मग मला मधून येतं आणि याला का येत नाही? हा तर माझ्याहून हुशार.

भावानंच ते शोधून काढलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तुमी रोज माल मोजता, कापूस तोलता. तिथं कुणी तुमाला पाढा पैल्यापासून विचारतं का? तुमाला तो मधूनच लागतो, म्हणून मधून येतो."

"मग तूबी वापर तुझा धडा."

"कुठं वापरू? मआशियात कुणाशी बोलू?"

"मला सांग. पर आपल्या बोलीत सांग. ते किताबीतलं माझ्यापुढं म्हणू नको."

हे मी रागानं बोललो होतो, काही ठरवून नव्हे. पण दुपारी मिरच्या तोडताना त्यानं खरंच सुरू केलं. म्हणाला, माल जास्त आला की भाव उतरतो, भाव उतरला की लोक जास्त घेतात.

मी म्हटलं, "खोटं हाय."

"खोटं कसं? किताबीत लिहिलंय."

"किताबीवाला ताडकळसच्या बाजारला आलाय का कधी? वांगी उतरली की लोक पाटीभर नेतेत, ते कबूल. पर मागल्या साली मीठ उतरलं होतं. तवा आपल्या मायनं वरणात दुप्पट मीठ टाकलं का?"

तो तोडायचा थांबला. हातातली मिरची तशीच. मग पळत बांधावर गेला आणि किताब उघडून पानं चाळायला लागला. मला वाटलं याच्या अंगात काही शिरलं. तिथूनच ओरडला, "अण्णा, हे हाय! मिठाचंच लिवलंय हितं! चौथ्या धड्यात!"

"मग तो धडा तर तू मोटेवर म्हटलास."

"शंभरदा म्हटला."

तो शंभरदा म्हणाला होता आणि मी शंभरदा ऐकलं होतं. दोघांपैकी एकालाही त्यात मीठ आहे हे कळलं नव्हतं. मी तिथंच ढेकळावर बसलो. जे पाठ आहे ते येत नाही, हे कसं व्हावं? पाठ असणं म्हणजेच येणं, असं मी तोवर धरून चाललो होतो.

त्यानंतर रोज दुपारी तो सांगायचा आणि मी भांडायचो. मी त्याला अडवलं की तो किताब उघडायचा, उत्तर सापडलं की पुन्हा येऊन माझ्याशी भांडायचा. आपण अडलो कुठं ते तो एका कागदावर टिपून ठेवायचा. पण आप्पांना हे पसंत नव्हतं. एकदा शेतात येऊन ते उभे राहिले आणि मला म्हणाले, "ह्याला अभ्यास म्हणायचं का चावडीवरल्या गप्पा? दिवस किती राहिले?"

"बारा, आप्पा."

"माझं बोलणं याद हाय ना दोघांला?"

ते गेल्यावर माझा धीर सुटला. गप्पांनी पास झालेला माणूस मी पाहिला नव्हता. उद्या भाऊ कायमचा शेतात आला तर त्याला कारण मी. भाऊ नको नको म्हणत होता, तरी मी हट्टानं त्याला सकाळी पुन्हा मोटेवर उभा केला. सकाळी पाठ, दुपारी भांडण. तो चिडून म्हणाला, "एक कायतरी ठरवा की!" मी काही ठरवलं नाही. ठरवता येत असतं तर ठरवलं नसतं का?

परीक्षा देऊन तो घरी आला आणि उन्हाळाभर आमच्यासोबत राबला. एक दिवस हैदराबादहून त्याच्या सोबत्याचं कार्ड आलं. उर्दूत. मी कार्ड उलटंपालटं केलं आणि भावाच्या हातात दिलं. आप्पा ओसरीवर जपमाळ घेऊन बसले होते. भाऊ वाचत होता आणि आम्ही त्याच्या तोंडाकडं बघत होतो.

"काय?" आप्पांनी विचारलं.

"पास."

आप्पांनी मान हलवली. "जा मग," म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

मी भावाला गोठ्यात ओढत नेलं. "कशानं पास झालास ते सांग."

"मआशियातचे चार सवाल लिहिले. तीन आपण बोललो तसे, माझ्या शब्दांत लिहिले."

"आन् चौथा?"

"त्यात धड्याची सुरुवातच विचारली होती. डोळे मिटले आन् घडाघडा उतरवली."

"चौथा नसता तर?"

"मला वाटतं, नापास झालो असतो."

"आन् ते तीन नसते तर?"

"तर मग पक्का नापास."

"मंग खरं काय? पाठ करायचं का भांडायचं?"

"मलाबी न्हाई ठाऊक, अण्णा," तो म्हणाला आणि हसायला लागला. मला हसू आलं नाही. पाठांतर सोडावं असं मला आजही म्हणवत नाही, आणि नुसतं पाठ करा असंही कुणाला सांगवत नाही.

जाताना पिंगळीला त्यानं डब्याच्या खिडकीतून विचारलं, "दुसऱ्या सालच्या किताबी लय जाड हायत म्हणतेत. सवालबी अवघड. कसं करू?"

गाडी हलली तेव्हा मी पेटी आत ढकलली आणि खिडकीसोबत चालत म्हणालो, "तिथं एखादा भांडणारा बघ. माझ्यापरास शिकलेला."

तो काहीतरी बोलला. गाडीच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही.