काकांनी सोडलेली जागा

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो. सुपेल्याला माझं छोटं दुकान आहे, वीसेक वर्षं झाली. या धंद्यात माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवूच शकत नाही. कारण रोज कोणीतरी येऊन म्हणतं, "भैया, अपने आप बंद हो जाता है," आणि रोज त्यामागे एखादी सैल वायर, धूळ नाहीतर मेलेली झुरळं निघतात. मशीन म्हणजे करंट आणि कॉन्टॅक्ट, बस्स. या कॉलममधले अनुभव मी वाचतो, पण हसण्यासाठीच... हे आधी कबूल करतो. त्यामुळे माझ्यावर कोणी हसलं तर मी राग मानणार नाही.

राजेश कापगते माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचे वडील दामोदर काका भंडाऱ्याकडून इथे स्टील प्लांटमध्ये लागले, रोलिंग मिलमधून रिटायर झाले. सेक्टरमधलं कंपनीचं क्वार्टर सोडल्यावर त्यांनी जवळच जुनवानीला घर बांधलं. काकांची ओळख मात्र मिलपेक्षा मंगलाष्टकांमुळे जास्त. आमच्या विदर्भाकडच्या मंडळींमध्ये कुठेही लग्न असो, माइक काकांच्याच हातात. माझ्याही लग्नात तेच गायले होते. असा आवाज, की मागच्या रांगेत जेवणाची चौकशी करणारे लोकही गप्प व्हायचे.

दोन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची जुनी सवय. नागपूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र पूर्ण काढलं. आता काका गळ्यातल्या छिद्रातून श्वास घेतात आणि जे बोलायचं ते पाटीवर लिहितात. शाळेतल्या मुलांची असते ती काळी पाटी.

गेल्या उन्हाळ्यात राजेशच्या मुलीचं, स्नेहलचं, लग्न ठरलं. रायपूरचा मुलगा, नाव मकरंद. लग्नाला आठ दिवस राहिले असताना राजेश दुकानात आला आणि स्टुलावर बसून राहिला.

"बाबा येत नाही म्हणून राहिले," तो म्हणाला.

"कुठं?"

"लग्नात. पाटीवर लिहून देलं — मी घरीच बसतो. सारं आयुष्य दुसऱ्याच्या पोरींच्या लग्नात गायले, अन् स्वतःच्या नातीच्या लग्नात मुकाट उभं राहाचं, हे त्यायले सहन होऊन नाही राहिलं." मग म्हणाला, "संजू, तो जुना कॉम्प्युटर चालू होईन का रे?"

राजेशची आई, म्हणजे काकू, सहा वर्षांपूर्वी गेल्या. स्नेहल चौथीत असताना त्यांनी एकदा हट्टाने काकांना कॉम्प्युटरसमोर बसवून माइकवर मंगलाष्टकं गाऊन घेतली होती, खास नातीच्या लग्नासाठी म्हणून. काकांनी एक कडवं स्वतः रचलं होतं. सगळे हसले आणि विसरून गेले. ते रेकॉर्डिंग फक्त त्याच मशीनमध्ये होतं.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी जुनवानीला गेलो. जिन्याखालच्या स्टोअरमधून राजेशने तो कॉम्प्युटर काढून ठेवला होता. विंडोज एक्सपीच्या काळातला, पिवळा पडलेला कॅबिनेट, वर जुन्या चादरीचा तुकडा. आठ वर्षं कोणी हात लावला नव्हता. उघडला तर आत पालीची अंडी आणि गोधडीसारखी धूळ. अंगणात नेऊन ब्लोअर मारला तेव्हा राजेशच्या बायकोने, वैशाली वहिनींनी, वाळत घातलेले कपडे धावत काढले, मला दोन शब्दही सुनावले.

हॉलच्या मागच्या खोलीत टेबलावर मांडला. आधी पॉवरच येईना. एसएमपीएस, म्हणजे पॉवरचा डबा, गेला होता, दुकानातून आणलेला दुसरा लावला. पंखा फिरला, पण बीप वाजू लागले. रॅम काढून खोडरबरने घासली, परत बसवली. डिस्प्ले आला. मदरबोर्डचा सेल बदलला. एवढं होईपर्यंत दीड वाजला होता आणि मी खूश होतो.

मग खरं दुखणं कळलं. हार्ड डिस्क सापडतच नव्हती. कान लावला तर आतून टक... टक... टक. ज्यांनी हा आवाज ऐकला आहे त्यांना माहीत आहे, याचा अर्थ काय. केबल बदलली. कन्व्हर्टरने माझ्या लॅपटॉपला लावून पाहिली. तिथेही काही नाही.

"गेली," मी म्हणालो. "रायपूरला डेटा काढणारे उघडून पाहतील, पण लग्नाच्या आधी तर होणार नाही. अन् होईलच याची गॅरंटी नाही."

 दारात काका उभे होते. किती वेळचे उभे होते कोणास ठाऊक. आत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, पाटीवर लिहिलं — *अजून एक डाव लाव.*

"काका, फायदा नाही. मी सगळं करून पाहिलं."

त्यांनी पाटी तशीच धरून ठेवली.

मी डिस्क परत कॅबिनेटमध्ये लावली. खरं सांगतो, फक्त त्यांचं मन राखायला. काकांनी कॅबिनेटवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी बटण दाबलं.

टक-टक झालीच नाही. एक्सपीचा लोगो आला. खालची ती पट्टी सरकत राहिली, सरकत राहिली... चार-पाच मिनिटं तरी.  डेस्कटॉप आला.

इथपर्यंत चमत्कार काही नाही. मरणारी डिस्क कधीकधी शेवटची एकदा पकडते. थंड झाली की, जागा बदलली की. मी हे आधीही पाहिलं आहे. अशा वेळी पहिलं काम एकच, कॉपी. फाइल शोधली, काकूंनी इंग्रजी अक्षरांत नाव दिलं होतं, baba snehal lagna. पेन ड्राइव्हवर घेतली, पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला. मगच राजेशला म्हणालो, "आता ऐक."

कूलरचा आवाज होत होता म्हणून राजेशने तो बंद केला. मी त्या जुन्या मशीनवरच फाइल लावली.

आधी पंख्याची घरघर. मग काकूंचा आवाज — "करा ना सुरू, मी थांबून राहिली." आणि मग काका. तो जुना, भरलेला आवाज. राजेशने तोंडावर हात ठेवला. काकांचे डोळे स्क्रीनवर, ओठ मिटलेले, पाटी मांडीवर.

शेवटी त्यांचं स्वतःचं कडवं आलं.

*आजोबा म्हणती तुला शुभ असो, बाळे सुखाने रहा,*
*आला हा मकरंद सोबत तुला, राहो सुखी जोडपे...*

मला आधी काही वाटलंच नाही. लग्नपत्रिका रोज डोळ्यांसमोर, नाव ओळखीचं, कानाला बरोबर वाटलं. राजेश माझ्याकडे पाहू लागला तेव्हा लक्षात आलं. रेकॉर्डिंग झालं तेव्हा स्नेहल चौथीत होती. हे स्थळ आलं लग्नाच्या आधीच्या दिवाळीनंतर.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वैशाली वहिनी धावत आल्या. हात कणकेने भरलेले. "बाबा बोलले? आत्ता मकरंदजीचं नाव कोणी घेतलं? बाबांचा आवाज होता ना?"

त्यांना आम्ही काय ऐकतोय हेही माहीत नव्हतं. अर्ध्या तासापूर्वी तर डिस्क गेली असंच त्यांना सांगितलं होतं.

राजेश काकांच्या पुढ्यात बसला. "बाबा, तेव्हा तुम्ही कोणतं नाव घेतलं होतं?"

काकांनी लिहिलं — *नाव नव्हतं घेतलं. जागा सोडली होती. मले काय माहीत जावई कोण येईन.*

मी लगेच फाइल परत लावायला गेलो. माऊस हलेना. स्क्रीन गोठली, आतून टक... टक... आणि बंद. त्यानंतर त्या डिस्कने कधीच तोंड उघडलं नाही.

पेन ड्राइव्ह खिशातून काढला, लॅपटॉपला लावला. तीच फाइल. काकूंचं बोलणं तेच, काकांची चाल तीच. शेवटचं कडवं आलं — *आला हा...* आणि पुढे मोकळी जागा. नुसती पंख्याची घरघर, काकूंचं हलकं हसू, आणि मग *...सोबत तुला.* आम्ही दहा वेळा तरी ऐकलं. मी सॉफ्टवेअरमध्ये उघडून तो तुकडा मोठा करून पाहिला. काही नाही. बरोबर चार अक्षरांची जागा, रिकामी.

मी विचार करण्यात कसर ठेवलेली नाही. डिस्क खराब होती, तर आवाज फाटेल, अडकेल. नाव कसं तयार होईल? आमच्या मनात नाव होतं म्हणून आम्हाला ऐकू आलं म्हणावं, तर वहिनींचं काय? त्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. काका स्वतः बोलले म्हणावं, तर ज्याचं स्वरयंत्रच काढलं आहे तो माणूस गाईल कसा? आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो.

राजेश म्हणाला, "तू नाव घालून दे ना त्यात. कोणाच्याही आवाजात. मशीनवर होते ना?" होत होतं. काकांनी नकारार्थी मान हलवली. *राहू दे. तशीच पाहिजे.* आणि खाली, बारीक अक्षरात — *मी येतो लग्नाले.*

लग्नात साउंडवाल्याच्या टेबलाशी मीच बसलो होतो. काका फेटा बांधून अंतरपाटाजवळ उभे राहिले, स्नेहलच्या मागे. त्यांचा आवाज हॉलमध्ये घुमला तसे सेक्टरमधले जुने लोक एकमेकांकडे बघायला लागले, काही बायकांनी पदर डोळ्यांना लावला. शेवटच्या कडव्यात ती जागा आली. सगळा हॉल गप्प. मी काकांकडेच पाहत होतो. त्यांचे ओठ हलले. चार अक्षरं. ऐकू काहीच आलं नाही, फक्त समोर उभी स्नेहल मागे वळली, जशी घरात कोणी हाक मारल्यावर वळते.

मी तिला नंतर काही विचारलं नाही. विचारण्यासारखं ते नव्हतं.

राजेश आता म्हणतो, "अबे, भास झाला असन आपल्याले, टेन्शन होतं." वहिनी मात्र अजूनही शपथ घेऊन सांगतात. मला आपलं चैन पडेना. पावसाळ्यात एकदा जुनवानीला गेलो, काका एकटेच ओसरीवर बसले होते. मी सरळ विचारलं, "काका, खरं सांगा. त्या दिवशी तो आवाज कोणाचा होता?"

त्यांनी पाटी घेतली, लिहिलं, आणि माझ्याकडे वळवली.

*आवाज माझाच होता. पण गायलो मी नाही.*

मी ते दोनदा वाचलं. त्यांनी पाटी पुसली, मला चहा घेणार का म्हणून खुणेने विचारलं, आणि मी हो म्हणालो. याउपर मला काहीही सांगता येत नाही.