मास्तरांचा चारचा भाग

रोज दुपारी चार वाजले की मास्तरांच्या टेलरिंगच्या दुकानात गिऱ्हाईक मेलं तरी चालेल, पण आवाज करायचा नाही. ती जुनी मालिका लागायची. बड्या घरची पोरगी, माळ्याचा पोरगा आणि मध्ये आडवा आलेला तिचा बाप. मास्तरांनी ती चारदा पाहिली होती, आता पाचवी खेप. दर खेपेला ते त्या बापावर तुटून पडत. "बाप आहेस का कसाई?" असं ओरडताना त्यांच्या तोंडातली टाचणी एकदा थेट टीव्हीवर गेली.

आणि स्वतःच्या घरी? समोरच्या टेलरशी अठरा वर्षं अबोला. का, तर त्यानं मास्तरांच्या एका कॉलरला वाकडी म्हटलं होतं. त्याच्याच मुलावर मास्तरांच्या लेकीचं प्रेम बसलं, तेव्हा मास्तर गरजले, "त्या घरात पाऊल टाकलंस तर मी मेलो समज!" लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

पोरगा वस्ताद निघाला. बरोबर चार वाजता कोटाचं कापड घेऊन आला. पडद्यावर नायिका रडत होती, इकडे मास्तर रडत होते. पडद्यावरची नजर न काढता त्यांनी छाती, खांदे, बाही, सगळी मापं घेतली आणि कापडावर खडूही मारला. जाहिरात लागली तेव्हा कुठे त्यांनी गिऱ्हाइकाचं तोंड बघितलं.

"तू?"

"लग्नाचा कोट आहे, मास्तर. शुक्रवारी चार वाजता, नोंदणी कार्यालयात. तुमच्याच लेकीशी."

मास्तरांच्या अंगाची लाही लाही झाली. पण खडू लागलेलं कापड परत करायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नेम. दातओठ खात त्यांनी कोट शिवला, आणि त्या रागातही कॉलर अशी बसवली की समोरच्याच्या सात पिढ्यांनी बघत राहावं.

चारची वेळ लेकीनंच ठरवली होती. त्या दिवशी मालिकेचा शेवटचा भाग होता, म्हणजे बाबा गोंधळ घालायला जागचे हलणार नाहीत. तिला हायसंही वाटत होतं आणि रडूही येत होतं.

सहीसाठी तिनं पेन उचललं, तोच दार उघडलं. मास्तर! गळ्यात टेप, हातात सुईदोरा.

"थांबा! डाव्या बाहीचा एक टाका राहिलाय."

टाका पक्का होता, तिला दिसत होतं. तरी मास्तर वाकून शिवत राहिले.

"बाबा, शेवटचा भाग बुडाला की तुमचा."

"चारदा पाहिलाय," दातानं दोरा तोडत मास्तर म्हणाले. "तो कसाई लग्नाला येतच नाही."