रहीमला अजून सांगितलेलं नाही

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडला शाळेच्या स्टाफरूममध्ये नववीचे इंग्रजीचे पेपर तपासत बसलो होतो. फोन सुनंदाचा होता, मामांच्या एकुलत्या एका मुलीचा. ‘‘दादा, बाबा गेले रे. तू ये,’’ एवढंच बोलली. मी लाल पेन बंद केलं, हेडमास्तरांना सांगितलं आणि एसटी स्टँडकडे चालू लागलो. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आलं ते वेगळंच... सुटल्यासारखं वाटलं. माझ्याबद्दलची एक गोष्ट जगात फक्त त्या माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस आता बोलणार नव्हता. सख्ख्या मामाच्या मरणावर भाच्याला असं वाटावं, ही काही छापून आणण्यासारखी गोष्ट नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात बरेच जण बोलले, मीही बोललो. मास्तर माणसाच्या हातात माईक आला की तो लवकर सुटत नाही. मामांच्या इराणच्या गमती सांगितल्या, लोक पोट धरून हसले. जे तिथे सांगितलं नाही ते आता, पाच आठवड्यांनी, इथे लिहितो आहे.

मामा तरुणपणी भातसानगरला धरणाच्या दरवाजांवर फिटर होते. तिथून एका कंत्राटदाराने त्यांना थेट इराणला नेलं, अहवाज शहराजवळ कारून नदीवरच्या धरणाच्या कामाला. खर्डीच्या पुढे वाडीत वाढलेला माणूस, कल्याणच्या पलीकडे फारसा गेलेला नव्हता. तो सहा वर्षं तिकडे राहिला. तिथला क्रेनवाला रहीम हा त्यांचा जिवाभावाचा मित्र. पहिल्याच आठवड्यात मामा न्हाव्याकडे गेले. केस कापून झाले, पैसे विचारले, तर न्हावी छातीवर हात ठेवून म्हणाला, तुमच्याकडून कसले पैसे! मामांना गहिवरून आलं. त्यांनी न्हाव्याला मिठी मारली, आभार मानले आणि निघून आले. संध्याकाळी रहीम हसून हसून आडवा झाला. मग त्याने शिकवलं : इथे दुकानदार पैसे नको म्हणतो, पाहुणा जेवण नको म्हणतो, मित्र मदत नको म्हणतो. ती रीत आहे, ‘तारोफ’ म्हणतात. पहिल्या नकोला अर्थ नसतो, दुसऱ्यालाही नसतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस जे बोलेल ते खरं. दुसऱ्या दिवशी मामा धावत न्हाव्याला पैसे देऊन आले. ही गोष्ट मी विहारात सांगितली आणि सगळ्यात मोठा हशा तिलाच मिळाला.

परत आल्यावर मामांनी खर्डी स्टेशनाबाहेर पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. शेजारच्या टपरीवर सकाळी पेपर यायचा आणि मामा आधी जगाचं पान उघडायचे. अमेरिकेने निर्बंध वाढवले, इस्रायलने धमकी दिली, तिकडे रियाल आणखी घसरला... हे सगळं ते असं वाचून दाखवायचे की जणू बाजूच्या वाडीत भांडण लागलंय. टपरीवाला टोमणा मारायचाच, ‘‘मामा, आपल्याकडं टँकर नाय आला आठ दिस, न् तुमी इराणचं काय घेऊन बसलाव? घरचं झालं थोडं न् व्याह्यानं धाडलं घोडं!’’ मामा चिडत नसत. ‘‘अरे, धरणाखाली ऱ्हाऊन आपण तहानलेलो, न् तेलावर बसून ते उपाशी. फरक काय रे?’’ असं म्हणायचे. बॉम्ब पडला की धूर तरी दिसतो, बंदीचा धूर दिसत नाही, हे त्यांचं ठरलेलं म्हणणं होतं. ते त्यांना पेपराने नव्हे, रहीमने शिकवलं होतं. रहीमच्या घरी आधी दर शुक्रवारी मटण शिजायचं, मग महिन्यातून एकदा, मग सणाला. शेवटी शेवटी तो अंडी नग मोजून आणत होता, आणि ते सांगताना ‘डॉक्टरने कमी खायला सांगितलंय’ असं लिहीत होता.

हे लिहिणं-वाचणं माझ्याकडे होतं. धरणाच्या यंत्रघरात मामांचे कान गेले होते, फोनवर काही ऐकू येत नसे, आणि फारसी उरली होती ती पाने-स्क्रूपुरती. रहीम मामांच्या मोबाईलवर मोडक्या इंग्रजीत लिहायचा. तिकडे शुक्रवारी सुट्टी, म्हणून निरोप शुक्रवारी यायचा, आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी खर्डीला जाऊन तो मामांना वाचून दाखवायचा, मामा सांगतील ते उत्तर टाइप करायचं. बारा वर्षं मी हे केलं. सुरुवातीला कौतुकाने, नंतर सवयीने, आणि खरं सांगायचं तर शेवटची दोन-तीन वर्षं वैतागाने. मुरबाडहून शहापूर, तिथून खर्डी, उन्हातान्हात, कशासाठी, तर एका म्हाताऱ्याने दुसऱ्या म्हाताऱ्याला ‘गुडघा कसा आहे’ विचारावं म्हणून.

एका शुक्रवारच्या निरोपात रहीमने सहज लिहिलं की नातीला, नर्गिसला, पुन्हा फिट येऊ लागल्यात; नेहमीच्या गोळ्या बाजारात नाहीत आणि तिकडे बनणाऱ्या गोळ्या तिला सोसत नाहीत. नर्गिस नऊ वर्षांची होती. औषधांवर बंदी नाही असं सगळे देश सांगतात, पण पैसे पोचवायला बँकच तयार नसेल तर औषध काय चालत येणार? मामांनी गोळीचं नाव मागवलं. रहीमने रिकाम्या पाकिटाचा फोटो धाडला. तीच गोळी आपल्याकडे शहापूरला मेडिकलमध्ये मिळत होती. मामांनी डॉक्टरांचे पाय धरायचेच बाकी ठेवले; चिठ्ठी लिहून घेतली, सहा महिन्यांच्या गोळ्या आणल्या, पांढऱ्या कापडात स्वतःच्या हाताने शिवल्या. कुरियरवाल्याने इराणचं नाव ऐकूनच हात वर केले. पण मामा फिटर होते, वाट काढणारच. मुंब्र्याचा एक कापडवाला होता, खर्डीच्या त्याच्या शेतातला पंप मामांनीच बसवून दिलेला. तो सोमवारी मशहदला यात्रेला निघणार होता. तेहरानला कुणी येऊन घेतलं तर मी नेतो, म्हणाला. आता फक्त रहीमला विचारायचं होतं की कुणाला पाठवतोस, त्याचं नाव आणि नंबर दे.

‘‘तो नको म्हणंल,’’ मामा म्हणाले. ‘‘तू तीनदा विचार. ध्यानात ठेव हां, तीनदा. दोन नको झाले का मग तो खरं बोलंल.’’

मी ओट्यावर बसून विचारलं. लगेच उत्तर आलं : भाऊ, त्रास घेऊ नकोस, आमचं चाललंय, गोळ्या मिळतील, तू म्हातारा माणूस, स्वतःची काळजी घे. मी ते वाचलं. शेवटची शहापूरची गाडी सुटायला वीस मिनिटं होती. घरी बोर्डाचे पेपर पडले होते. आणि रहीमने हो म्हटलं असतं तर रविवारी ते पुडकं घेऊन मुंब्र्याला मलाच जावं लागलं असतं. मामा आत चहा टाकत होते. ते बाहेर आले तेव्हा मी त्यांचा मोबाईल ओट्यावर ठेवून निघायला उभा होतो. ‘‘विचारलंस?’’ ‘‘विचारलं.’’ ‘‘तीनदा?’’ ‘‘तीनदा. मिळाल्यात त्यांना गोळ्या.’’ मामांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचा रागच आला.

पुढे मी स्वतःला एक सबब शोधून दिली, आणि ती चांगली भारदस्त होती. आमच्या आजोबांनी धम्म घेतला त्या दिवसापासून घरात एक दंडक होता : कुणी काही देऊ केलं तर एकदाच नको म्हणायचं आणि हात मागे घ्यायचा. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांचं शिळंपाकं खाल्लेल्या घराने तो नियम केला होता आणि तो पाळताना पोटं मारली होती. आमच्यात नको म्हणजे नको. समोरच्याच्या नकोला मान द्यायचा, त्याला पुन्हा विचारून लहान करायचं नाही. मी म्हणे रहीमचा मान राखला! आजोबांच्या पुण्याईवर मी माझा आळस वाळत घातला, दुसरं काही नाही.

त्यानंतर तिकडे बॉम्ब पडू लागले आणि इंटरनेट बंद झालं. मामा जेवेनात. मोबाईलमधल्या गटांवर आमचेच लोक नकाशे टाकून टाळ्या वाजवत होते, निम्म्यांना पेट्रोलची काळजी. मी स्टाफरूममध्ये तावातावाने बोलायचो, बड्या देशांना काळीज नसतं, मुलाबाळांचा बळी घेतात... मी चांगलं बोलतो. एका शुक्रवारी शेवटी निरोप आला. रहीमचं घर शाबूत होतं. नर्गिस गेली होती. बॉम्बने नव्हे, बॉम्ब पडायच्या आधीच गोळ्या संपल्या होत्या, वसंतापासून एकही नव्हती, एक फिट आली ती थांबलीच नाही. एवढंच लिहिलं होतं, तक्रार कुठेच नव्हती. मी मामांना वाचून दाखवलं ते असं : नर्गिस लढाईत गेली. बड्या देशांनी त्या पोरीचा गळा आवळला हे खरंच आहे, पण शेवटची गाठ खर्डीच्या ओट्यावर बसून मी मारली, हे मला तेव्हाही कळत होतं.

मामा दोन दिवस उठले नाहीत. मग पुडकं काखोटीला मारून शहापूरला मेडिकलमध्ये गेले, तिथे कुणा गरजूला तरी द्या म्हणायला. आणि जाताना मोबाईल घेऊन गेले. पोरीबद्दल रहीमने काय लिहिलंय ते त्यांना पुन्हा एकदा ऐकायचं होतं, आणि त्यासाठी मला मुरबाडहून बोलवायचं नव्हतं. मेडिकलवाल्याने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन वाचलं. मग मामा म्हणाले, वर जा, आधीचंपण वाच.

पुढच्या शनिवारी मी गेलो तर मामा ओट्यावर मोबाईल मांडीवर घेऊन बसले होते. ‘‘तवा किती वेळा विचारलं होतंस?’’ मी म्हटलं, ‘‘तीनदा.’’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता शिवी देतील, चप्पल काढतील. लहानपणी आंबे चोरले म्हणून याच माणसाने मला शेवग्याच्या शेंगेने झोडपलं होतं. पण मामा उठले, खांद्यावरच्या पंच्याने खुर्ची पुसली आणि म्हणाले, ‘‘बसा सर. चा घेणार ना?’’

त्या दिवसापासून मरेपर्यंत, जवळजवळ आठ महिने, मी त्यांना ‘सर’ होतो. अरे-तुरे गेलं, बाळा गेलं. फुफ्फुसात पाणी झालं, सुनंदा त्यांना दवाखान्यात घेऊन गेली, मी शहाळी घेऊन गेलो तर ‘‘कशाला त्रास घेतलात सर, तुमचा टाइम मोडला.’’ मी पाय चेपायला बसलो तर पाय हळूच आवरून घेतले. सुनंदाला वाटलं, आजारपणात बाबांना आदराचं खूळ लागलंय. ती हसली. मीही हसलो. मला माफी मागायची होती, रोज मागायची होती, पण माफी मागायला कुणीतरी आपलं माणूस समोर लागतं. तिथे खाटेवर एक सभ्य परका गृहस्थ पडलेला होता आणि तो माझे आभार मानत होता. शुक्रवारचं उत्तर ते मेडिकलवाल्याकडून लिहून घेत. मी ते कधी पाहिलं नाही, पाहू दिलं नाही. इतकं क्रूर मला जन्मात कुणी वागवलेलं नाही, आणि त्याबद्दल तक्रार करायला मला जागा नाही.

मामांचा मोबाईल आता माझ्या टेबलावर आहे. ‘‘तूच लिहायचास ना दादा, तूच त्यांना कळव,’’ म्हणत सुनंदाने तो माझ्या हातात दिला. मी रोज तो चार्ज करतो. आधीचे सगळे निरोप वाचले. मामांनी रहीमला माझ्या त्या खोट्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. पहिल्या शुक्रवारी निरोप आला, तब्येत कशी आहे? मी ‘मामा वारले’ असं लिहिलं, मग नर्गिसच्या मागोमाग हेही त्याने सोसावं का, असा विचार केला, की तसा विचार केल्याचं सोंग केलं, आणि पुसून टाकलं. लिहिलं, बरी आहे. असे पाच शुक्रवार झाले. खर्डीच्या स्मशानात जळून गेलेला माणूस अहवाजमध्ये रोज थोडं फिरायला जातो, दम कमी लागतो त्याला. गेल्या शुक्रवारी रहीमने लिहिलं : तुझा भाचा कसा आहे? नर्गिसच्या गोळ्यांसाठी त्या बिचाऱ्याने किती धावपळ केली असेल, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले, त्याला माझा सलाम सांग. मग मामांच्या नावाने उत्तर टाइप केलं : सांगतो. बरा आहे तो. चांगला मुलगा आहे. आणि पाठवून दिलं.