आमच्या जीपची थंडी

सत्तरच्या दशकात मी नागपूरला, शेतांतल्या मातीचे नमुने गोळा करणाऱ्या एका सरकारी ऑफिसात लागलो. कुही तालुक्यातल्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. पदवीचा कागद घरी आला तेव्हा वडिलांनी आधी हात धुतले, धोतराला पुसले आणि मगच त्याला हात लावला. अशा घरातून आल्यामुळे छापलेल्या कागदाबद्दल मला जरा जास्तच आदर होता. पुढची फजिती त्या आदरामुळेच झाली.

ऑफिसात लष्करानं वापरून सोडलेली एक जीप होती. नाला असो, चिखल असो, धानाच्या बांध्या असोत, चारही चाकांना जोर लावून ती कुठेही जायची. फक्त डिसेंबर लागला की सकाळी ती उठायला तयार नसे. आम्ही स्वेटर-मफलर घालून उभे, आणि ती घरघर करून गप्प. कधी कधी दौऱ्यावर निघेपर्यंत दहा वाजत.

जीपचे ड्रायव्हर पन्नाशीचे होते. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे. त्या ‘साहेब’मध्ये मान किती आणि थट्टा किती, हे मला कधीच कळलं नाही. ते रोज कन्हानहून बसने येत. घरी त्यांची म्हातारी आई होती. तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. ताटात भाजी कुठे, वरण कुठे, हे काकांनी हात धरून दाखवल्याशिवाय ती संध्याकाळी जेवत नसे.

त्या हिवाळ्यात वरून पत्र आलं. जीप सकाळी वेळेवर निघत नसेल, तर ती दुसऱ्या जिल्ह्याच्या ऑफिसला द्यावी, तिथे दुरुस्तीची सोय आहे. गाडी तिथे ड्रायव्हर, असा नियम. मोठे साहेब स्वतः पाहायला येणार होते आणि सकाळी साडेसहाला दौऱ्यावर निघणार होते. काकांनी पत्र ऐकलं. म्हणाले, “बुढीले घेऊन कुठी जाऊ गा मी? ते तं घराच्या भिंती हातानं ओळखते.”

मी त्याच दिवशी कपाट उपसलं आणि जीपसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक शोधून काढलं. त्यात कडाक्याच्या थंडीसाठी एक अख्खं प्रकरण होतं! शब्दकोश घेऊन मी तीन संध्याकाळ बसलो आणि सगळ्या सूचना मराठीत, स्वच्छ अक्षरात उतरवून काकांना वाचून दाखवल्या.

“चाकांना साखळ्या बांधाव्यात.”

“काहून? पळून जाते का ते?”

“बर्फावरून घसरू नये म्हणून.”

काकांनी अंगणातल्या धुळीकडे पाहिलं. “पुढं वाचा, साहेब.”

“संध्याकाळी रेडिएटरचं पाणी काढून ठेवावं.”

“बैलाले रातच्याले उपाशी बांधतेत का? नाई जमत. सकाळी थंडं काढून ऊन पाणी टाकू.”

पाणी गोठू न देणारं एक औषधही पुस्तकात होतं. ते शोधायला मी सीताबर्डीला गेलो. गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदारानं माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि गल्ल्यामागून म्हणाला, “भैया, इधर पूरी गर्मी लोग बर्फ के लिये लाइन लगाते हैं, और तुमको जमने नहीं देना है?” दुकानातली माणसं हसली. मीही हसलो, पण पुस्तक चुकीचं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही.

शेवटी आमचा समेट झाला. बॉनेटवर पोती घालायची, हे दोघांनाही मान्य होतं. काका स्पार्क प्लग काढून फाटकाबाहेरच्या चहावाल्याच्या शेगडीवर गरम करणार होते. ती त्यांची विद्या. बॅटरी ऊबदार जागी ठेवावी, ही माझी. आदल्या संध्याकाळी ती सायकलच्या कॅरिअरला बांधून मी माझ्या खोलीवर नेली आणि आईनं शिवून दिलेल्या वाकळीत गुंडाळून ठेवली. मी स्वतः शाल घेऊन झोपलो. पुढे त्या वाकळीला ॲसिडची सात भोकं पडली. आईला मी उंदरांचं नाव सांगितलं.

एक सूचना मात्र मी हट्टानं पाळायला लावली. गाडी आडोशाला, नाक भिंतीकडे करून उभी करावी, म्हणजे इंजिनाला वारा लागत नाही. काका रोज जीप आवारातल्या चढावर, तोंड फाटकाकडे करून ठेवत. त्याच चढाच्या टोकाला टिनाची शेड होती. काकांनी डोकं खाजवलं. “साहेब, नाक भिंतीले लावाचं मले पटून नाई राहिलं.”

“पुस्तकात आहे, काका.”

“हाये तं मंग लावतो.”

सकाळी सहाला आम्ही बॅटरी बसवली, गरम प्लग लावले, ऊन पाणी ओतलं. जीपनं जोरात घरघर केली. मी काकांकडे विजयानं पाहिलं. मग घरघर बारीक झाली, आणि थांबली. दहा मिनिटांत बॅटरीचा जीव संपला.

“आता हँडल मारू,” काका म्हणाले आणि गाडीच्या नाकातून घालून इंजीन फिरवायचं लोखंडी हँडल घेऊन समोर गेले. समोर भिंत होती. भिंत आणि जीप यांच्यात हाताचा पंजा जेमतेम मावत होता. हँडल घालायचं कुठून आणि फिरवायचं कसं?

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “पुस्तकात पाहा बरं, भिंत कशी सरकवाची ते.”

फाटकाशी मोठे साहेब येऊन उभे राहिले होते. हातात थर्मास, डोक्यावर कानटोपी. मला रडू यायचं बाकी होतं. माझ्या एका ओळीपायी या माणसाची आई परक्या गावातल्या भिंती चाचपणार होती.

“ढकला मागं, मंग हँडल मारू,” काका म्हणाले. चहावाला, शिपाई आणि मी, तिघांनी समोरच्या फटीत हात घालून जोर लावला. जीप शेडबाहेर आली आणि आमच्या हातातून सुटून उतारावरून मागे निघाली. काका धावत जाऊन आत चढले. मला वाटलं, ब्रेक लावतील. त्यांनी क्लच दाबून रिव्हर्स गिअर टाकला आणि क्लच सोडला. जीपला एक उचकी लागली, दुसरी लागली, आणि धुराचा लोट सोडत, गर्जना करत ती पाठमोरीच फाटकाकडे धावली. मोठे साहेब थर्मास छातीशी धरून बाजूला झाले. जीप त्यांच्यापुढे येऊन थांबली. इंजीन चालू होतं. काका खाली उतरले आणि त्यांनी सलाम ठोकला.

“बसा, साहेब. साडेसहा झाले.”

दिवसभर जीप झकास चालली.  परत आल्यावर, अजून ऊन असतानाच, मोठ्या साहेबांनी जीपभोवती एक फेरी मारली, शेडची भिंत पाहिली, उतार पाहिला.

“ही गाडी दुसरीकडे पाठवली,” ते आमच्या ऑफिसरांना म्हणाले, “तर तिथे हिला उलटं पळवून चालू करायचं कोणाला सुचणार आहे? राहू द्या इथंच.”

ते गेल्यावर मी काकांचे दोन्ही हात धरले. माफी मागायची होती.

“तुमी खुश काहून होऊन राहिले, साहेब?” काका म्हणाले. “हे खटारं आता जलमभर माह्या गळ्यात आलं नं.” मग त्यांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ वळवून पाहिलं, “अरे बापा, कन्हानची गाडी!” म्हणाले आणि डबा काखेत मारून फाटकाबाहेर पळत सुटले. पन्नाशीच्या माणसाला मी इतक्या जोरात पळताना पुन्हा कधी पाहिलं नाही.