रानकरडईचे आईबाप

सोलापूरबाहेर आमच्या रानाला लागून करडईच्या प्रयोगाचं रान होतं. तिथला साहेब काट्यांपायी पायाला पोतं गुंडाळून हिंडायचा आणि भेटेल त्याला आधी आईबाप विचारायचा. आमच्या शेळीचेसुद्धा विचारले. माझी बायको म्हणाली, "सोयरीक करायची हाय का, साहेब?"

त्याच्याकडं एक रानटी करडई होती. तो सांगायचा, दोन जातींनी संसार मांडला आणि दोन्ही घरचा आख्खा वारसा घेऊन ही जन्मली, पण ती घरं कुठली ते कुणाला ठाऊक नाही. बी कुटून त्याच्या रसातून वीज सोडायची, मग निळ्या रेघा उमटतात. त्या कुठल्या जातीशी जुळतात, त्यावरनं आईबाप ओळखायचे.

बहात्तरच्या दुष्काळात त्या रानकरडईची झाडं वाळली. एकच तगलं, तेही आमच्या बांधावर. बायको रोज खुरपं घेऊन निघायची, "काटं हायती नुसतं, उपटते." हा हात जोडायचा, "मावशी, बी धरू द्या."

बायको गेली. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. पोरासुनांनी नाना कबुल्या देऊन बघितल्या. शेवटी साहेब पोत्यासकट पुढं झाला.

"मावशी, ते झाड मी उद्या उपटतो."

कावळा झपकन उतरला. साहेबाचं तोंड एवढंसं झालं, कारण बी अजून कोवळं होतं.

सकाळी तो खरंच बांधावर आला. झाडाला हात घालणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

"पिकू द्या बी. तिला मी सांगतो."

"ऐकतील का मावशी?"

"जित्तेपणी कवा ऐकलं न्हाय," मी म्हणालो. "पर आता उलट बोलायची न्हाय."