तिसऱ्या सीटचा पट्टा

माझ्या धाकट्या बहिणीच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढावी लागेल आणि तपासायला पाठवावी लागेल. तिचा मोठा मुलगा तेव्हा साडेपाच वर्षांचा होता आणि धाकटा जेमतेम दहा महिन्यांचा. ती सिंदेवाहीला राहते, मी चामोर्शीला. तिचा नवरा तिच्यासोबत नागपुरात थांबणार होता. मी फोनवरच सांगून टाकलं, "दोघांनाही मी घेऊन येते. महिनाभर इकडेच राहू दे." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, माझी स्वतःची दोन वर्षांची मुलगी धरून गाडीत तीन लेकरं होणार.

आमची गाडी लहान आहे, तीही जुनी, एका शिक्षकाकडून घेतलेली. मी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. एकदा एका बाईला आणि तिच्या बाळाला जीपच्या अपघातातून आमच्याकडे आणलं होतं. बाळ तिच्या मांडीवर होतं. तिने त्याला घट्ट धरलं होतं, असं ती आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होती. त्या बाईला काहीच झालं नव्हतं. त्यानंतर माझी मुलगी झाली तेव्हा पहिली मोठी खरेदी मी लहान मुलांच्या सीटची केली. सासूबाईंना तो सगळा प्रकार नखरा वाटायचा.

"स्कुटीवर तर पोरीले समोर उभी करून नेतेस," त्या म्हणायच्या, "अन् गाडीत बसली की तिले बांधून टाकतेस. असं काऊन वं?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच मी चिडायची.

मुलीची सीट घरात होतीच. भाच्यासाठी पाठ असलेली उंच सीट दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी दिली, त्यांच्या मुलाला ती आता लहान होत होती. बाळाची सीट बहिणीकडे होती. टोपलीसारखी, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी लावायची. प्रश्न एवढाच होता की या तिन्ही सीट मागच्या बाकावर एका ओळीत मावतात का.

बहिणीने टोपलीची रुंदी सुतळीने मोजून फोनवर सांगितली, "दोन विती अन् चार बोटं." माझ्या नवऱ्याने तिच्या वितीचा अंदाज घेऊन मिक्सरचा एक रिकामा खोका टोपलीच्या मापाचा कापला, चिकटपट्टी लावली आणि रविवारी सकाळी अंगणात गाडीची चारही दारं उघडून आम्ही कामाला लागलो. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा नव्हता, फक्त कमरेचा होता. भाच्याला आणि बाळाच्या टोपलीला तर खांद्याचा पट्टा हवाच. मुलीच्या सीटच्या पुस्तिकेत कमरेच्या पट्ट्याने ती बसवायची रीत दिली होती, म्हणून तिला मधे घेतलं. मग दार लागेना. दार लागलं तर भाच्याच्या पट्ट्याचं बकल सीटखाली गडप होई. नवरा वैतागून म्हणाला, "बाळाची टोपली समोर ठेव ना, तुझ्या बाजूला. डोळ्यासमोर राहील."

मी डोक्यावरची ऊन अडवायची झडप खाली करून त्याला चित्र दाखवलं. बाळाची सीट, समोर फुगलेली एअरबॅग आणि त्यावर लाल फुली. त्याने खोका उचलून पुन्हा मागच्या दाराशी नेला. चौथ्या खेपेला क्रम सापडला. आधी भाच्याची सीट उजव्या दाराला टेकवायची, मग मधली, तीत गुडघा रोवून सगळं वजन टाकायचं आणि पट्टा ओढायचा. खोका सगळ्यात शेवटी. तो डाव्या बाजूला असा काही अडकून बसला की मी दोन्ही हातांनी हलवला तरी जागचा हलेना. मला फार आनंद झाला. संध्याकाळी मी दवाखान्यात दोघी-तिघींना हे सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याची ड्युटी होती. मी, सासूबाई आणि मुलगी असे आम्ही सिंदेवाहीला गेलो.

बहिणीच्या घरी निघण्याची घाई उडाली होती. त्यांची नागपूरची गाडी दुपारची होती. शेजारच्या बाया, तिच्या विहारातल्या मैत्रिणी दारात उभ्या होत्या. बाळाला तिने चार दिवसांपासून बाटलीवर आणलं होतं आणि ते सारखं रडत होतं. मी डाव्या दारातून वाकून टोपली लावत होते. पट्टा टोपलीच्या खाचांतून घेतला, पाठीमागून फिरवला आणि क्लिप बकलमध्ये घालू लागले. मधल्या सीटची कड बकलवर आली होती. बोटं पोचत होती, डोळ्यांना दिसत नव्हतं. पलीकडे भाचा स्वतःचा पट्टा स्वतः लावत होता. इकडे बहीण माझ्या पाठीशी उभी राहून विचारत होती, "नीट बसली ना ताई?"

टक्क आवाज आला. मी टोपली धरून हलवली. हलली नाही.

"दगडासारखी बसली," मी म्हटलं.

तिने बाळाला आत ठेवलं, मी त्याचे आतले पट्टे लावले, कानटोपी सारखी केली. बहीण खिडकीपासून दूर झाली आणि आम्ही निघालो.

सिंदेवाहीपासून मूल गावापर्यंत बराचसा रस्ता जंगलातून जातो. ऊन हिवाळ्यातलं होतं, धानाची कापणी संपलेली होती. बाळ रडत होतं. मुलगी त्याचं पाहून रडायला लागली. सासूबाई पुढे माझ्या डाव्या हाताला बसल्या होत्या, म्हणजे टोपली बरोबर त्यांच्या पाठीमागे. थोडं अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या, "दे ना त्याले माह्याकडे. माय सुटली त्याची. मांडीवर घेतो, चूप होईल."

"नाही आई."

"म्या तीन लेकरं मांडीवरच वाढवले."

"गाडीत नाही ना वाढवले," मी म्हटलं. आवाज हवा त्यापेक्षा मोठा लागला. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. बाळाचं रडणं तसंच चालू होतं आणि माझे खांदे कानापर्यंत चढले होते.

पुढे रस्ता जरा उतरतो आणि वळतो. त्या वळणावर डावीकडच्या सागातून रोही, म्हणजे नीलगायीचा नर, बाहेर आला. घोड्याएवढं जनावर, निळसर काळं, मान ताठ. तो थेट डांबरावर येऊन उभा राहिला. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. टायर किंचाळले, मागची पिशवी खाली आदळली, गाडी त्याच्यापासून चार हातांवर थांबली. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश पलीकडे गेला. त्याच्या मागोमाग आणखी दोन गेले.

मग माझ्या लक्षात आलं, बाळाचा आवाज बंद झाला होता.

आरशात पाहिलं तर टोपलीची करडी पाठ दिसत होती, बाळ नाही. त्या सीटची रचनाच तशी. मी भाच्याला म्हटलं, "बेटा, बाळ काय करून राह्यलं?"

"काईच नाई."

"डोळे उघडे आहेत का?"

"टोपी आली ना डोळ्यावर."

"नाकावर आहे का टोपी? नीट पाहून सांग."

भाचा पुढे वाकला असावा, त्याच्या पट्ट्याचा आवाज झाला. "नाकावर नाई. एका डोळ्यानं पाहून राह्यला माह्याकडे."

मागून धानाच्या पोत्यांचा ट्रक हॉर्न वाजवत आला. मी गाडी सुरू केली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "माह्या पाठीले काईतरी बसलं. जोरात."

"पोराचा पाय लागला असेल."

"पोट्टा तर तुह्या मागं आहे वं."

तेव्हाच मला कळलं. म्हणजे पूर्ण कळलं नाही, पण टोपलीची शंका आली. बांधलेली टोपली पुढच्या सीटवर आदळत नाही. तरी मी गाडी थांबवली नाही. स्वतःला कारणं दिली: रस्त्याला कडेची जागा नाही, वळण आहे, ट्रक मागे चिकटलेला, वन्यप्राण्यांचा फलक नुकताच गेला, रोह्यांचा कळप अजून जवळ असेल. यातलं प्रत्येक कारण खरं होतं. पण थांबले तर सासूबाईंच्या देखत दार उघडावं लागेल, हेही एक होतं, आणि ते मी आज लिहिताना पहिल्यांदा मान्य करते आहे.

मी ट्रकला पुढे जाऊ दिलं आणि सायकलच्या वेगाने गाडी चालवत राहिले. प्रत्येक झाडाकडे पाहत होते. दर दोन मिनिटांनी विचारत होते, "बाळ काय करते?" भाचा सांगत होता, "बोट चोखून राह्यला." "टोपी ओढून राह्यला." शेवटी तो कंटाळून म्हणाला, "मावशी, तू सारखं काऊन विचारून राह्यली?" सासूबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांनी एक हात सीटच्या बाजूने मागे घालून टोपलीच्या कडेवर ठेवला होता. तो हात त्यांनी मूल गाव येईपर्यंत काढला नाही.

मूलच्या अलीकडे पहिली राइस मिल लागली. फाटकासमोर धानाचे ट्रॅक्टर उभे होते. मी त्यांच्या बाजूला गाडी लावली आणि उतरले, पण माझ्याआधी सासूबाईंनी मागचं दार उघडलं होतं.

"हा पट्टा असा मोकळा काऊन लोंबून राह्यला?"

क्लिप बाहेर होती. टोपली एका अंगाला कलून पुढच्या सीटला टेकली होती. बाळ आतल्या पट्ट्यांत शाबूत होतं, एक डोळा टोपीत, एक बाहेर, सासूबाईंना पाहून हसलं. टोपलीला गाडीशी बांधणारं काही नव्हतं. सिंदेवाहीपासून ती फक्त दार आणि मधली सीट यांच्यामधे दाबून बसली होती. मी हलवून पाहिली तेव्हा ती त्यामुळेच हलली नव्हती. आणि टक्क आवाज भाच्याच्या बकलचा होता. मी क्लिप गादीच्या आणि सीटच्या फटीत खोचली होती, दुसऱ्याच बकलचा आवाज ऐकला होता आणि बहिणीला दगडासारखी बसली म्हणून सांगितलं होतं.

मी तिथेच, कोंडा सांडलेल्या जमिनीवर बसले. मिलचा एक हमाल धावत आला, "काय झालं बाई? पाणी देऊ का?"

सासूबाई आता काय बोलतील ते मला माहीत होतं. त्या बोलण्याची मी वाटच पाहत होते. त्यांनी बाळाला बाहेर काढून कडेवर घेतलं, त्याची टोपी सारखी केली, बाटली तोंडात दिली. माझ्या मुलीला आणि भाच्याला बिस्किटं दिली. मी पाणी पिऊन उठले. मग म्हणाल्या, "आता मले दाखव. कुठी घालाचं, कुठी ओढाचं. तुले एकटीले दिसत नाई तिथी."

मी टोपली पुन्हा लावली. या वेळी मधली सीट सैल करून बकल वर काढलं, टॉर्चचा उजेड पाडला. सासूबाईंनी वाकून क्लिप आत जाताना पाहिली. आवाजावर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांनी पट्टा धरून स्वतः जोर लावून ओढला, दोनदा. मग मी मधली सीट पुन्हा घट्ट केली आणि त्यांनी बाळाला आत ठेवलं. वैनगंगेचा पूल ओलांडून चामोर्शीला पोचेपर्यंत आम्ही तीनदा थांबलो आणि तिन्ही वेळा पट्टा पाहिला.

बहिणीला मी ते त्या दिवशी सांगितलं नाही. फोनवर म्हटलं, नीट पोचलो. दुसऱ्या दिवशी तिला ऑपरेशनला घेतलं. पुढचे दोन आठवडे मी मुलांना गाडीत बसवताना दर वेळी घामाघूम व्हायची, आणि दर वेळी सासूबाई पदर खोचून दुसऱ्या दारात येऊन उभ्या राहायच्या. गाठ साधी निघाली. रिपोर्ट आल्याचा फोन आला तेव्हा मी वॉर्डात होते. औषधाची ट्रॉली तिथेच सोडून बाहेर जाऊन रडले. ते रडणं सगळंच गाठीचं नव्हतं.

डॉक्टरांकडून तिला बोलायची परवानगी मिळाल्यावर मी फोन केला आणि सगळं सांगितलं. रोही, टक्क आवाज, मोकळा पट्टा, न थांबवलेली गाडी. मग बसलेल्या आवाजात तिने विचारलं, "त्याले लागलं होतं का?"

"नाही. अजिबात नाही. मी अंग तपासलं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नंतरचे पाच दिवस तिने मला फोन केला नाही. मुलांशी बोलायला ती सासूबाईंना फोन करायची.

महिन्याने ती आणि तिचा नवरा त्यांच्या एका मित्राची गाडी घेऊन मुलांना न्यायला आले. गळ्याला ओढणी गुंडाळलेली, वजन उतरलेलं. जेवणं झाली. माझ्याशी ती बोलली, पण जेवढ्यास तेवढं. निघायच्या वेळी टोपली अंगणात ठेवलेली होती. तिच्या नवऱ्याने ती उचलली आणि गाडीकडे निघाला. मी पायरीवरच उभी राहिले, पुढे जायचं धाडस झालं नाही.

बहिणीने त्याच्या हातातून टोपली घेतली आणि माझ्यापुढे आणून ठेवली.

"तूच लाव," ती म्हणाली. "पण या वेळी मी पाहतो."

मी लावली. ती दारात वाकून माझ्या खांद्याला खांदा लावून पाहत होती. क्लिप आत गेली तेव्हा तिने बोटाने बकल दाबून पाहिलं, पट्टा ओढला, पुन्हा ओढला. मग बाळाला माझ्या हातातून घेतलं.